द भोंगा, दी अ‍ॅम्प्लिफायर

देऊळगाव राजात कुणाचं लग्न असो, बारसं असो की कीर्तन, कार्यक्रमाच्या आधी गफ्फारभाईंचा आवाज येतो. बाकीच्या गावांत माईकवाले "हॅलो, हॅलो, वन टू थ्री" म्हणून माईक तपासतात. गफ्फारभाई असलं काही म्हणत नाहीत. ते माईकसमोर उभे राहतात, टोपी सारखी करतात, खाकरतात आणि पडदा नुकताच वर गेला असावा अशा सावकाशीनं म्हणतात,

"द भोंगा. दी अ‍ॅम्प्लिफायर. द वायर. दी इलेक्ट्रिसिटी."

मग मांडवावर एक नजर टाकून, "द पाहुणे. दी आचारी."

गावाला यात वावगं काही वाटत नाही. इथली पोरं तर कार्यक्रम असाच सुरू होतो असं समजून मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, आणि त्यांच्या लग्नांतही तो असाच सुरू झाला. एकदा सिंदखेड राजाकडून आलेल्या वऱ्हाडातल्या कुणीतरी विचारलं, हे काय चाललंय म्हणून. मांडवात बसलेल्या एका आजीबाईंनी सांगितलं, "काई नाई, लाईन आली का ते पाहून राह्यले."

गफ्फारभाईंचं म्हणणं साधं आहे. इंग्रजीत नावाच्या आधी एक छोटा शब्द येतो. पुढचं नाव व्यंजनानं सुरू होत असेल तर तो 'द', स्वरानं होत असेल तर 'दी'. 'द' म्हटलं की भोंग्याचा जाड आवाज तपासून होतो, 'दी' म्हटलं की बारीक. शिवाय शब्द चुकत नाही तो नाहीच. मंडप आणि माईकचा धंदा आता त्यांचा मुलगा जावेद बघतो. त्यानं नवीन मिक्सर आणला, त्यावर आवाजाप्रमाणे हिरवे-तांबडे दिवे वरखाली होतात. आता सगळं दिव्यांवरच कळतं, असं त्यानं वडिलांना सांगून पाहिलं. गफ्फारभाईंनी दिवे निरखून पाहिले, चांगले आहेत म्हणाले, आणि माईकसमोर जाऊन उभे राहिले.

हे सगळं आलं प्रेमानंद सरांकडून. सर इंग्रजी शिकवत आणि गॅदरिंगची नाटकं बसवत, आणि या दोन कामांत ते फारसा फरक करत नसत. हा छोटा शब्द म्हणायला ते पोरांना लिंबाखाली ओळीनं उभं करत. जिभेचं टोक दातांत हलकेच धरायचं आणि हवा सोडायची. आपला 'द' आपण ठोकून म्हणतो, इंग्रजांचा सोडून म्हणायचा. तळहात तोंडासमोर धरायचा. हाताला वारा लागला तर बरोबर. थुंकी लागली तर निम्मं बरोबर. बहुतेक वर्ग निम्म्यावर राहिला. वारा लागला दोघांनाच. एक पिंजाऱ्याचा गफ्फार, आणि दुसरा गावाला लागून मळा असलेल्या घरचा शेषराव.

त्या वर्षी तपासणीला साहेब येणार होते, म्हणून सरांनी स्वतः एक इंग्रजी नाटुकलं लिहिलं. पात्रं दोन, कारण वारा दोघांनाच लागला होता. एक राजा वेष पालटून नदीकाठी येतो आणि एका नावाड्याच्या नावेत बसतो. नावाडी त्याला ओळखत नाही. शेषराव राजा आणि गफ्फार नावाडी. गावात तेव्हा नाव कुणी पाहिलेली नव्हती. ती सरांनी दोन बाकं आणि एका खाटेची केली.

नाटुकल्यात सगळं जुनं इंग्रजी होतं. सरांनी पोरांना समजावलं, की आपल्यात जसं 'तू' आणि 'तुम्ही', तसं इंग्रजांकडेही होतं. 'दाऊ' म्हणजे तू, 'यू' म्हणजे तुम्ही. 'दाय' म्हणजे तुझं. पुढे इंग्रजांनी 'दाऊ' टाकून दिलं आणि ते सगळ्यांनाच 'यू' म्हणू लागले, बायकोला आणि कुत्र्यालासुद्धा. असं का केलं, असं शेषरावनं विचारलं. सर म्हणाले, जवळचं कुणी राहिलं नसेल. पण आपल्याला करायचं काय ते सोपं आहे, ज्याच्याशी भांडता येतं तो 'दाऊ', ज्याच्याशी भांडता येत नाही तो 'यू'.

नावाड्याचं पहिलंच वाक्य होतं, "सिट दाऊ इन द मिडल, दाऊ फूल!" मधोमध बस रे, मूर्खा. त्यावर राजा म्हणायचा, "दाय बोट लीकेथ." तुझी नाव गळते. आणि नावाडी, "द बोट लीकेथ नॉट. दाऊ आर्ट हेवी." नाव गळत नाही, तूच जड आहेस. पलीकडच्या काठावर राजा घोंगडी फेकून आपला मुकुट दाखवतो. नावाडी घाबरून 'यू' म्हणू लागतो, आणि तेव्हा राजाचं शेवटचं वाक्य येतं: "नाय. से दाऊ. आय सिट इन दाय बोट." नको, तूच म्हण, मी तुझ्या नावेत बसलोय. यावर नावाड्यानं पाया पडायचं आणि पडदा.

प्रयोगाच्या दिवशी गफ्फारला समोर बसलेले साहेब दिसले आणि तो पाया पडायचं विसरला. काहीतरी म्हणायला तर हवं, म्हणून त्यानं आपलं पहिलंच वाक्य पुन्हा म्हटलं. राजाचा मुकुट बघूनसुद्धा तो त्याला खणखणीत आवाजात मधोमध बस रे मूर्खा म्हणाला. साहेब हसले, मग सगळे हसले, आणि विंगेत उभ्या असलेल्या सरांनी पडदा टाकायचा सोडून टाळी वाजवली. शेवट हाच ठेवू, असं त्यांनी नंतर सांगितलं. पुन्हा प्रयोग झाला नाही, पण शेवट तोच राहिला.

दोघांचं इंग्रजी एवढंच. शाळा सुटल्यावर गफ्फारनं भाड्याच्या सायकलीवर भोंगा बांधून धंदा सुरू केला, शेषराव मळ्यात गेले. पण भेट झाली की नाटुकलं सुरू. आठवडी बाजारात एक या टोकाकडून ओरडायचा, "व्हिदर गोएस्ट दाऊ बे?", म्हणजे कुठं चाललास, आणि दुसरा त्या टोकाकडून, "टू दाय शॉप, चहा पाज." लोकांना वाटे, ते एकमेकांना दाऊ म्हणजे मोठा भाऊ म्हणतात. दोघांत मोठा कोण हे लोकांना शेवटपर्यंत कळलं नाही, पण संस्कार चांगले आहेत यावर एकमत होतं.

शेषरावांच्या घरचं एकही कार्य गफ्फारभाईंच्या माईकवाचून झालं नाही. आणि प्रत्येक कार्यात यजमानाला स्टेजवर बोलवायची त्यांची रीत ठरलेली. द आणि दी झालं की ते हात पसरून म्हणायचे, "किंग शेषराव! कम दाऊ. सिट दाऊ इन द मिडल, दाऊ फूल!" शेषराव हातातलं काम टाकून यायचे, मधल्या खुर्चीवर बसायचे आणि ओरडायचे, "दाय बोट लीकेथ!" मंडळी टाळ्या वाजवायची. स्वयंपाकाकडच्या बायकांना त्यावरून कळायचं, की आता भाताचं आधण ठेवायला हरकत नाही.

मग शेषरावांच्या नातीचं लग्न ठरलं. प्रतीक्षा पुण्यात नोकरीला, मुलगाही तिथलाच. साखरपुडा देऊळगावला करायचा ठरला. पुण्याहून पाहुणे आले, पहिल्या रांगेत बसले, आणि शेषराव त्या दिवशी सकाळपासून वेगळंच मराठी बोलू लागले. 'मले'चं 'मला' झालं, 'काऊन'चं 'का बरं' झालं. मनकर्णाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, दोनदा त्यांच्याकडे वळून पाहिलं, की घरात कोण आलंय.

गफ्फारभाईंनी नेहमीप्रमाणे नवी टोपी घातली होती. त्यांनी माईक तपासला. पाहुण्यांचा मान राखून त्यात दोन नवीन शब्दही घातले, "दी इंजिनियर. द पुणे." मग हात पसरले. "किंग शेषराव! कम दाऊ. सिट दाऊ इन द मिडल, दाऊ फूल!"

पहिल्या रांगेतले मुलाचे काका मोठ्यानं हसले आणि त्यांनी मोबाईल वर धरला. शेजारच्या दोघीतिघी हसल्या. काकांनी विचारलं, हे कोण?

शेषराव स्टेजवर आले. मधल्या खुर्चीवर बसले नाहीत. त्यांनी गफ्फारभाईंच्या हातातून माईक घेतला आणि सावकाश म्हणाले, "थँक यू, मिस्टर गफ्फार. यू मे सिट डाऊन." आणि पाहुण्यांकडे वळून, शुद्ध मराठीत, "आमचे माईकवाले आहेत. जरा जुने आहेत."

पाहुण्यांना ते फार सभ्यपणाचं वाटलं. गावातल्यांनाही वाटलं. मांडवात एवढ्या माणसांत एकट्या गफ्फारभाईंना कळलं, की झालं काय ते. बसा म्हटलं होतं, म्हणून ते बसले. माईकच्या पेटीवर बसले, कारण जवळ तेवढंच होतं. भाताचं आधण त्या दिवशी उशिरा ठेवलं गेलं.

आपल्याकडे माणूस रागावला की वर चढतो. तूवरून तुम्हीवर, तुम्हीवरून आपणवर. ज्याला शिव्या देता येतात त्याच्याशी भांडण मिटतं. ज्याला आपण म्हटलं त्याच्याशी मिटवायचं कसं, याची पद्धत अजून निघालेली नाही. गफ्फारभाई दुसऱ्याच दिवशी आपणवर गेले. रस्त्यात शेषराव भेटले, तर त्यांनी थांबून विचारलं, आपली प्रकृती ठीक आहे ना. शेषरावांनी हात जोडले. मग म्हणाले, आपल्या कृपेनं.

त्यानंतर दोघंही इतके सभ्य झाले की गावाला कौतुक वाटू लागलं. आधी बसस्टँडजवळच्या हॉटेलात एक चहा दोघांत व्हायचा, बशी एकाची आणि कप दुसऱ्याचा, आणि कप कुणाचा यावरून रोज वाद. आता दोन चहा येऊ लागले. आपण घ्या, नाही नाही, आधी आपण घ्या, असं करता करता दोन्ही गार व्हायचे. हॉटेलवाल्याला वाटलं, पुण्याच्या सोयरिकीचा गुण आहे. त्यानं आपल्या पोरांना दाखवलं, की पाहा, म्हातारपणीसुद्धा माणूस सुधारतो.

गफ्फारभाईंना एकच हवं होतं. शेषरावांनी एकदा, फक्त एकदा, पुन्हा 'दाऊ' म्हणावं. पण हे मागता येत नाही. नटानं प्रेक्षकांकडे टाळी मागू नये, तसं ते आहे. आणि ज्यानं भरल्या मांडवात, माईकवरून, माईकवाले म्हटलं, त्यानं हॉटेलात कानाशी येऊन 'दाऊ' म्हटलं तरी ते चालणार नव्हतं. हे शेषरावांनाही कळत होतं. म्हणून तेही आपणवरच बसून राहिले.

घरी नसीमाबींनी नवऱ्याला साधं विचारलं, की लग्नाला माईक लावायचा की नाही. गफ्फारभाई म्हणाले, जावेद लावेल. आणि तुम्ही जाणार की नाही? ते म्हणाले, निमंत्रण आलं तर विचार करू. नसीमाबींनी फ्रीजकडे पाहिलं. निमंत्रण म्हणजे काय, ते त्यांना माहीत होतं. पत्रिका तर कधीच आली होती, फ्रीजच्या वर ठेवलेली होती, तिच्यावर 'श्री. गफ्फारभाई व परिवार' असं सुंदर अक्षरात लिहिलं होतं. तेच तर दुखणं होतं. आजवर त्या घरची पत्रिका या घरी कधी आली नव्हती. शेषराव दारातून ओरडून जायचे, पंधरा तारीख धर बे.

बायकांचं मात्र काही बिघडलं नव्हतं. मनकर्णाबाईंचा फोन रोज यायचा.

"काय करून राह्यलं तुह्यं म्हातारं?" मनकर्णाबाई विचारायच्या.

"तुह्यं काय करून राह्यलं ते सांग आधी," नसीमाबी म्हणायच्या.

"माह्यं गोठ्यात जाऊन बसते. म्हशीसमोर उभं राहून द, दी, द, दी करते. अन् सारं चुकीचं म्हणते."

"चुकीचं?"

"मले काय समजते त्यातलं? पण इतक्या वर्षांत कान तर तयार झाले ना माहे. चुकीचंच म्हणते. मग सोताच्या गालात मारून घेते अन् पुन्हा म्हणते."

नसीमाबींनी हे ऐकलं, फोन ठेवला, आणि नवऱ्याला अवाक्षर सांगितलं नाही.

मग प्रतीक्षाचा फोन आला. ही पोर लहानपणी शाळा सुटली की गफ्फारभाईंच्या गोदामात मांडवाच्या कापडांच्या गठ्ठ्यांवर बसून तळहात तोंडासमोर धरायची. तिलाही वारा लागला होता. पुण्याच्या ऑफिसात ती 'द' आणि 'दी' अगदी बरोबर म्हणते, आणि तिथं कुणाच्या लक्षात येत नाही, अशी तिची तक्रार होती. तिनं फार वेळ घेतला नाही.

"गफ्फारबाबा, तिकडचे म्हणतात निवेदक पुण्याहून आणतो. आणू दे. पण माईक तू तपासायचा. दुसऱ्या कुणी हॅलो हॅलो केलं तर मी स्टेजवर येणार नाही."

"जावेद करीन ना, बेटा."

"जावेदचाचाला वारा लागत नाही."

हे खरं होतं. गफ्फारभाई म्हणाले, "दाऊ आर्ट अ गुड गर्ल. येतो. वायर जोडतो, माईक तपासतो अन् वापस येतो." फोन ठेवल्यावर त्यांनी नसीमाबींना सांगितलं, की धंद्याच्या कामानं जावं लागतंय. नसीमाबींनी नवी टोपी आधीच काढून ठेवली होती.

लग्न शेषरावांच्या मळ्यात होतं. वऱ्हाड आदल्या दिवशीच येऊन उतरलं होतं. गफ्फारभाई सकाळी लवकर पोचले. एक भोंगा लिंबावर, एक विहिरीच्या खांबावर, एक रस्त्याच्या वळणावर, म्हणजे उशिरा येणाऱ्यांना मांडव कुठं ते कळावं. जावेद मिक्सरपाशी दिवे बघत होता. गफ्फारभाई स्टेजखाली शिरले, कारण फळ्यांखालून गेलेली एक वायर त्यांच्या मनासारखी नव्हती. तिथं ते पालथे पडून वायर सरळ करत असताना वर फळ्या करकरल्या. कुणीतरी स्टेजवर चढलं होतं. वजनावरून कोण ते त्यांना कळलं.

माईकवर खाकरल्याचा आवाज झाला आणि तो तिन्ही भोंग्यांतून शिवारभर गेला.

"द भोंगा," शेषराव म्हणाले. बरोबर होतं.

"द अ‍ॅम्प्लिफायर."

स्टेजखाली गफ्फारभाईंचा हात थांबला. त्यांना वाटलं, वायरीत दोष असेल. शेषरावांच्या तोंडून हा शब्द उभ्या जन्मात चुकला नव्हता. मलेरियात चुकला नव्हता. दातांची कवळी बसवली त्या आठवड्यातसुद्धा चुकला नव्हता, शिट्टी वाजली होती फक्त.

"द आचारी," शेषराव म्हणाले.

आता वायरीचा प्रश्न उरला नाही. गफ्फारभाई स्वतःला म्हणाले, माईक गिऱ्हाइकाचा आहे, गिऱ्हाइकानं पैसे मोजलेत, त्याला हवं ते तो म्हणेल. त्यांनी डोळे मिटले आणि वायर घट्ट धरली.

वर थोडी शांतता. जुन्या नटाला समजेल अशी, मुद्दाम ताणलेली. मग, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून:

"दी. मांडव."

हे माणसानं सहन करण्यापलीकडचं होतं. गफ्फारभाई स्टेजखालून निघाले. सदऱ्याला माती, टोपी वाकडी, हातात पक्कड. पायऱ्या चढून ते शेषरावांच्या समोर उभे राहिले. शेषरावांनी नवं धोतर नेसलं होतं, डोक्यावर फेटा होता, आणि त्यांनी माईक दोघांच्या मधोमध धरला होता. मळ्यात भाजी चिरणाऱ्या बायका थांबल्या. आचाऱ्यानं झारा कढईच्या काठाला टेकवला. पुण्याची मंडळी दात घासत बाहेर आली होती, तीही थांबली.

गफ्फारभाईंनी स्वतःला आवरलं. एवढं झालं तरी ते आपणवरून खाली उतरले नाहीत. अत्यंत अदबीनं म्हणाले, "सर, यू हॅव मेड अ मिस्टेक."

शेषरावांनी एका हातानं डोक्यावरचा फेटा काढला. त्यांच्या नाटुकल्यातला मुकुट घोंगडीखाली होता, इथं उलटं होतं, पण काढण्याची ढब तीच.

"नाय," ते म्हणाले. "से दाऊ. आय सिट इन दाय बोट."

तिन्ही भोंगे ते बोलले. वळणावरचा जरा मागून बोलला, त्यामुळे वाक्य दोनदा ऐकू आलं.

गफ्फारभाईंच्या हातात पक्कड होती, तिचं काय करावं ते त्यांना सुचेना. प्रेमानंद सरांनी लिहिल्याप्रमाणे इथं पाया पडायचं होतं. पण शेवट तर केव्हाच बदललेला होता. त्यांनी वाकडी टोपी सारखी केली. मग ते माईकसमोर ओरडले, आणि जावेदच्या मिक्सरवरचे सगळे दिवे एकदम तांबडे झाले.

"देन सिट इन द मिडल, दाऊ फूल!"

शेषराव मधल्या खुर्चीवर बसले. बसताना म्हणाले, "चुकलं, गफ्फाऱ्या."

"चुकलं नाई. मुद्दाम म्हणलं तू. दी मांडव म्हणे. लाज वाटते का?"

"हाव, ते मुद्दाम. चुकलं ते साखरपुड्यातलं."

गफ्फारभाईंनी पक्कड खिशात घातली. मग शेषरावांच्या मांडीवरचा फेटा उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवला, तो नीट बसेना, म्हणून काढून पुन्हा ठेवला. हे सगळं होईपर्यंत माईक चालूच होता, आणि शिवारभर फक्त फेट्याची खसखस ऐकू येत होती. स्वयंपाकाच्या चुलीपाशी मनकर्णाबाईंनी नसीमाबींकडे पाहिलं.

"झालं वाटते," त्या म्हणाल्या.

"ठेव आधण," नसीमाबी म्हणाल्या.

लग्न चांगलं झालं. पुण्याचा निवेदक आला, त्यानं हॅलो हॅलो करायला तोंड उघडलं, तेव्हा प्रतीक्षानं त्याच्याकडे अशी नजर टाकली की त्यानं माईक गफ्फारभाईंच्या हाती दिला. गफ्फारभाईंनी तो पुन्हा पहिल्यापासून तपासला. मग मोठ्या मनानं निवेदकाला परत दिला, आणि बोलताना जीभ थोडी पुढे घ्यायला सांगितलं.

जेवणाच्या पंगतीनंतर मुलाचे काका मोबाईल घेऊन दोघांना शोधत आले. माणूस मोकळा होता. साखरपुड्याच्या दिवशी त्यांना जे हसू आलं ते आनंदाचं होतं. तो तुकडा त्यांनी पुण्यात किती जणांना दाखवला होता, पण त्यात अर्धंच आलं होतं, पुढचं काय ते सगळे विचारत होते. त्यांनी शेषरावांना विचारलं, हे गृहस्थ नक्की कोण?

दोघं मांडवाच्या मागे गठ्ठ्यावर बसले होते. चहा एकच होता. कप शेषरावांकडे, बशी गफ्फारभाईंकडे.

शेषरावांनी कप खाली ठेवला. पुणेरी मराठी त्यांना अजून येत होतं, पण त्यांनी ते वापरलं नाही.

"हा? हा गफ्फाऱ्या. याच्याच नावेत बसेल आहो मी, लहानपणापासून. अन् नाव गळते याची."

"द बोट लीकेथ नॉट," गफ्फारभाई म्हणाले. बशीतला चहा त्यांनी संपवला, आणि मग शेषरावांचा कप उचलून त्यातलाही प्यायले. "दाऊ आर्ट हेवी."